पावसाळी समुद्र आणि तेलतवंग : आपल्या सागरी सिद्धतेचा एक विचार

किल्लारीच्या भूकंपामुळे १९९३ हे वर्ष लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या स्मरणात कायमचे कोरले गेले आहे. त्याच वर्षी समुद्रावर घडलेल्या काही घटना मात्र मराठवाड्यात फारशा कोणास ठाऊक नाहीत. ५ जानेवारीस स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड बेटांच्या खडकांवर ‘ब्रेअर’ हे तेलवाहू जहाज आदळले व त्यातील सुमारे ८४,७०० टन कच्चे तेल समुद्रात गेले. २१ जानेवारीस निकोबार बेटांनजीक, मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी, ‘मर्स्क नॅव्हिगेटर’ या तेलवाहू जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन आग लागली आणि तेल सांडले. मे महिन्यात बॉम्बे हाय क्षेत्रातून उरणकडे तेल आणणारी समुद्रतळावरील नळवाहिनी फुटून हजारो टन तेल अरबी समुद्रात पसरले. पुढे नोव्हेंबर १९९३ मध्ये, किल्लारीनंतर जेमतेम दोन महिन्यांच्या आत, समुद्रात सांडणाऱ्या तेलाचा मुकाबला करण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्र शासनाच्या सचिवसमितीने मंजुरी दिली.

भूकंपाचा व या योजनेचा कार्यकारणसंबंध नाही, हे उघडच आहे. तरीही दोहोंस जोडणारे एक सूत्र आहे. किल्लारीचा प्रदेश तत्कालीन भूकंपप्रवणतेच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. संकट आले ते नकाशाने नाकारलेल्या ठिकाणी. सागरी तेलतवंगाच्या बाबतीत आपली चूक ठिकाणाची नसून ऋतूची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपली साधने, आपले सराव आणि आपले हिशेब हे बहुतांशी शांत समुद्र गृहीत धरून केलेले आहेत. आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील अलीकडील मोठे अपघात मात्र भर पावसाळ्यात घडले आहेत.

त्यांपैकी अभ्यासास सर्वांत उपयुक्त अपघात मुंबई बंदराच्या तोंडाशी घडला. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी न्हावा-शेवा येथून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ हे पेटीवाहू जहाज आणि आत येणारे ‘खलिजिया-३’ हे मालवाहू जहाज यांची टक्कर झाली. ‘चित्रा’वर बाराशेहून अधिक पेट्या व सुमारे २,६०० टन इंधनतेल होते. जहाज एका अंगावर इतके कलले की सुमारे तीनशे पेट्या समुद्रात घसरल्या. काहींत कीटकनाशके होती. सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेले. तरंगणाऱ्या पेट्यांमुळे नौकांना हिंडणे धोक्याचे झाले, आणि देशातील सर्वांत गजबजलेला जलमार्ग काही दिवस बंद ठेवावा लागला. उरण, घारापुरी, वाशीची खाडी आणि अलिबाग तालुक्याचा किनारा येथपर्यंत तेल पोहोचले. तिवरांच्या बुंध्यांवर काळा थर बसला. नारळी पौर्णिमेस अडीच आठवडे उरले असता, म्हणजे कोळ्यांच्या नव्या हंगामाच्या तोंडावर, मुंबईच्या बाजारात मासळीस गिऱ्हाईक मिळेनासे झाले.

येथे एका गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तेल सांडले तेव्हा आषाढी अमावास्या तीन दिवसांवर आली होती. म्हणजे समुद्र भांगाकडून उधाणाकडे चालला होता, आणि प्रत्येक भरतीचे पाणी आदल्या दिवशीच्या भरतीपेक्षा वर चढत होते. अशा दिवसांत सांडलेले तेल खाडीच्या कडेला ज्या उंचीवर बसते तेथे पुढच्या भांगात पाणी पोहोचतच नाही. लाट येऊन धुऊन नेण्याची आशाच उरत नाही. पंचांग पाहून सांगता येईल इतकी ही साधी बाब आहे.

आता तेल समुद्रात पडल्यावर त्याचे काय होते, ते थोडे विस्ताराने पाहू; कारण सिद्धतेचा सारा विचार यावरच उभा राहतो.

विहिरीच्या पाण्यावर करडईच्या तेलाचे चार थेंब पडले तर ते कसे झपाट्याने पसरतात हे सर्वांनी पाहिले आहे. खनिज तेलाचेही तसेच होते. एक टन तेल एक दशांश मिलिमीटर जाडीने पसरले तर सुमारे सव्वा हेक्टर पाणी व्यापते. परंतु तवंगाची जाडी सर्वत्र सारखी कधीच नसते. रुपेरी चकाकी दिसते तेथे ती मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते; एक चौरस किलोमीटर रुपेरी तवंगात तेल असते केवळ शंभर लिटर, म्हणजे अर्ध्या पिंपाइतके. उलट काळपट तपकिरी दाट पट्टे क्षेत्रफळाने लहान दिसतात, पण बहुतेक सारे तेल त्यांतच असते. एकूण क्षेत्राच्या एक दशांश भागात नऊ दशांश तेल, असा अनुभवाचा ढोबळ नियम सांगतात. म्हणून विमानातून पाहणाऱ्या निरीक्षकाने ‘इतके चौरस किलोमीटर तेल’ असा निरोप धाडला तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य होय. रंग कोणता, हे आधी कळले पाहिजे. नौका चुकीच्या पट्ट्याकडे गेली तर ती दिवसभर चकाकी गोळा करीत बसते.

तेल वाहते ते प्रवाहाबरोबर पूर्ण वेगाने, आणि वाऱ्याबरोबर त्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्के वेगाने. पावसाळ्यात ताशी २० सागरी मैलांचा नैर्ऋत्य वारा ही आपल्या किनाऱ्यावर नवलाची गोष्ट नव्हे. त्याचे तीन टक्के म्हणजे ताशी ०.६ मैल, चोवीस तासांत १४ मैलांहून अधिक. ४ ऑगस्ट २०११ रोजी ‘राक कॅरिअर’ हे कोळसावाहू जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यात ६०,००० टनांहून अधिक कोळसा व सुमारे २९० टन इंधनतेल होते. वरील हिशेबाने २० मैलांचे अंतर तेल दीड दिवसाच्या आत कापू शकते, आणि वारा किनाऱ्याकडेच वाहत असतो. निर्णय घेण्यास उपलब्ध असलेला सारा काळ एवढाच!

या दीड दिवसात तेलही बदलत असते. हलके घटक हवेत उडून जातात. राहिलेले जड तेल लाटांच्या घुसळणीने पाणी पोटात घेऊ लागते. ताक घुसळताना लोणी येते तेव्हा जे घडते त्याच जातीची ही क्रिया आहे, कारण लोणी हेही स्निग्धात अडकलेल्या जलबिंदूंचे पायस होय. या पायसात पाण्याचा वाटा तीनचतुर्थांशापर्यंत जातो. म्हणजे ८०० टन तेलाचे ३,२०० टन चिखलासारखे द्रव्य होऊ शकते, आणि ते इतके दाट असते की सामान्य पंपाने ओढता येत नाही. शेटलंड येथे ‘ब्रेअर’चे तेल हलक्या जातीचे होते; जानेवारीच्या वादळाने ते सूक्ष्म थेंबांत विखुरले आणि किनारा अपेक्षेपेक्षा पुष्कळच वाचला. त्यावरून ‘खवळलेला समुद्र आपले काम आपणच करतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. जहाजांच्या टाक्यांतील जड इंधनतेलास तो लागू पडत नाही. तेच वादळ हलक्या तेलास विखरते आणि जड तेलाचे लोणी करते.

आता साधनांकडे वळू. पहिले साधन म्हणजे तरता बांध, ज्यास बूम म्हणतात. बांधावर लंब दिशेने येणाऱ्या प्रवाहाचा वेग ०.७ नॉटच्या वर गेला की तेल त्याच्या खालून निसटू लागते. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत प्रवाह याहून कितीतरी अधिक असतो. बांध तिरपा लावून तेल एखाद्या शांत कोपऱ्याकडे वळविता येते, अडविता येत नाही. दुसरे साधन स्किमर, म्हणजे पृष्ठभागावरील तेल वेचणारे यंत्र. दीड-दोन मीटरच्या लाटांत ते पाणीच अधिक ओढते. अनुकूल हवेतही भर समुद्रातून सांडलेल्या तेलाच्या दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तेल परत मिळाल्याची उदाहरणे विरळाच. तिसरे साधन तेल विखुरणारी रसायने. त्यांना लाटांची घुसळण लागते, म्हणून पावसाळ्यात ती सोयीची वाटतात. परंतु पायस झालेल्या जड तेलावर ती चालत नाहीत, आणि उथळ पाण्यात, तिवरांजवळ किंवा माशांच्या विणीच्या जागी ती वापरणे म्हणजे पृष्ठभागावरचे संकट पाण्याच्या पोटात लोटणे होय. आपल्या किनाऱ्यावर विणीचा काळ बहुतांशी पावसाळाच आहे. कोठे फवारावे व कोठे फवारू नये हे ठरविण्यास हेलिकॉप्टर उडाल्यावर वेळ नसतो. ती रेषा आधीच नकाशावर आखलेली असावी लागते.

हाच विचार १९९३ च्या योजनेच्या रचनेस लावून पाहता येईल. तटरक्षक दल १९७७ साली स्थापन झाले, आणि १९८६ पासून तेलप्रदूषणाच्या प्रतिकाराचे समन्वयन त्याच्याकडे आहे. तेलप्रदूषणविषयक सिद्धता व सहकार्याच्या १९९० च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला. योजना २०१५ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. तीत तीन स्तर आहेत : ७०० टनांपर्यंतच्या गळतीचा मुकाबला बंदराने किंवा तेल हाताळणाऱ्या संस्थेने स्वतःच्या साधनांनी करावयाचा, ७०० ते १०,००० टनांपर्यंत तटरक्षक दलाच्या नेतृत्वाखाली विभागीय साधने यावयाची, त्यावर राष्ट्रीय व परदेशी साहाय्य. रचना तर्कशुद्ध आहे. अडचण अशी की, पहिल्या दिवशी सांडलेले तेल किती हे कोणासच ठाऊक नसते. ‘चित्रा’चे ८०० टन पहिल्या दोन स्तरांच्या सीमेवरच पडतात. ज्या आकड्यावर जबाबदारी ठरावयाची तो आकडा जबाबदारी पार पाडून झाल्यावर हाती येतो!

या अडचणीचे स्वच्छ उदाहरण पूर्व किनाऱ्यावर मिळाले, आणि ते पावसाळ्यातील नाही, हे माझ्या वरील प्रतिपादनास छेद देणारे असल्याने आवर्जून नमूद करतो. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर येथे कामराजर बंदराबाहेर ‘बीडब्ल्यू मेपल’ व ‘डॉन कांचीपुरम’ या जहाजांची टक्कर झाली. प्रारंभी तेल सांडलेच नसल्याचे सांगण्यात आले. पुढे आकडा वाढत वाढत जवळजवळ दोनशे टनांपर्यंत गेला. हा पहिल्या स्तराचाच प्रसंग. तरीही किनाऱ्यावरील काळा गाळ शेकडो माणसांनी बादल्यांनी उपसला. यंत्रे होती, त्या घट्ट पायसापुढे ती निरुपयोगी ठरली. तेव्हा दोष केवळ ऋतूचा नाही. खरे बोलण्यास झालेला उशीर वाऱ्यापेक्षा कमी नुकसान करीत नाही.

तटरक्षक दल दर दोन वर्षांनी राष्ट्रीय स्तरावर सराव घेते. २०२३ चा सराव २५ नोव्हेंबरला गुजरातेत वाडीनार येथे झाला. उत्तम सराव, पण नोव्हेंबरातला अरबी समुद्र आणि ऑगस्टमधला अरबी समुद्र हे जणू दोन वेगळे समुद्र आहेत. २४ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस नेहमीपेक्षा आठवडाभर आधी केरळात पोहोचला, आणि त्याच दिवशी कोचीपासून सुमारे ३८ सागरी मैलांवर ‘एमएससी एल्सा-३’ हे जहाज कलले; दुसऱ्या दिवशी ते बुडाले. त्यावर ६४० पेट्या, सुमारे ३६७ टन इंधनतेल व ८४ टन डिझेल होते. बारा पेट्यांत कॅल्शियम कार्बाइड होते, म्हणजे फळे पिकविण्यासाठी बाजारात चोरून वापरले जाणारे तेच द्रव्य, जे पाण्याशी संयोग होताच ज्वालाग्राही ॲसिटिलीन वायू सोडते. तेलाबरोबर प्लास्टिकचे बारीक दाणे तिरुवनंतपुरमच्या वाळूपर्यंत पोहोचले. तेलासाठी आखलेल्या योजनेस यापुढे तेलापलीकडेही पाहावे लागणार, हे त्यावरून स्पष्ट झाले.

पावसाळ्यात भर समुद्रावर फारसे करता येत नाही असे मान्य केले, तर करावयाचे काय? माझ्या मते भार किनाऱ्यावर व आधीच्या तयारीवर टाकावा लागेल. भारताच्या किनाऱ्याची लांबी पूर्वी ७,५१६.६ किलोमीटर मानली जाई. नव्या, अधिक बारीक प्रमाणाच्या मोजणीने ती ११,०९८.८ झाली, आणि महाराष्ट्राची सुमारे ८७८. जमीन वाढलेली नाही. खाड्या, मुखे व बेटे यांची वळणे मोजणीत आली एवढेच. तेलही नेमके त्या वळणांतच शिरते. खडकाळ टोकावरचे तेल लाटा काही महिन्यांत धुऊन काढतात; तिवरांच्या चिखलात शिरलेले वर्षानुवर्षे राहते. म्हणून कोकणातील प्रत्येक खाडीच्या मुखाशी कोणते तोंड आधी वळवून वाचवावयाचे, कोणती वाळूची पुळण जाणूनबुजून तेलास द्यावयाची, हे अगोदर ठरले पाहिजे. असा त्याग करावयाचा तर तेथे मासे वाळत घालणाऱ्या व तिसऱ्या-कालवे वेचणाऱ्या लोकांशी आधीच बोलून ठेवले पाहिजे. अपघाताच्या रात्री ते शक्य होत नाही. गोळा केलेला तेलकट कचरा कोठे साठवावयाचा हाही प्रश्न आहेच. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ १९९९ मध्ये बुडालेल्या ‘एरिका’तून सुमारे वीस हजार टन तेल सांडले, आणि कचरा निघाला दोन लाख टनांच्या वर.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नांदेड-लातुरास या सर्वांत काय काम, असे कोणी विचारील. त्यास एक उत्तर हैदराबादेत आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या त्या शहरात १९९९ पासून भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे, आणि सांडलेले तेल कोठे वाहील याचे पूर्वानुमान तेथूनच दिले जाते. समुद्राचे गणित करण्यास किनाऱ्यावर घर असावे लागत नाही. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूविज्ञान व संख्याशास्त्र या विषयांच्या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या प्रश्नात पुष्कळ वाव आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी येथे लगेच तेलभक्षक जीवाणूंचे नाव घेतील. एखाद्या मोटार-गॅरेजच्या तेलकट मातीतून असे जीवाणू वेगळे करणे हा प्रयोग आपल्याकडे वर्षानुवर्षे होतो, आणि तो चांगला प्रयोग आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अनेक प्लाझ्मिडे एकत्र आणून निर्मिलेल्या स्यूडोमोनासवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये एकस्वाचा निकाल दिला, ही कथा सर्वांस पाठ असते. तो जीवाणू प्रत्यक्ष सागरी तवंगावर मात्र कधी वापरला गेला नाही. समुद्रात तेल खाणारे जीवाणू मुळातच असतात. तेल आले की त्यांची संख्या आपोआप वाढते. त्यांना उणे पडतो तो नायट्रोजन, फॉस्फरस आणि प्राणवायू. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डीझ’च्या तेलाने माखलेल्या किनाऱ्यावर म्हणूनच खत घालण्यात आले. त्यातही साध्या साखळीचे हायड्रोकार्बन लवकर संपतात, बहुवलयी सुगंधी संयुगे रेंगाळतात, आणि जड इंधनतेलातील डांबरी अंश जवळजवळ तसाच राहतो. तिवरांच्या चिखलात वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायूच नसतो. तेव्हा जीवाणू हे महिन्यांचे साधन आहे, पहिल्या दिवसाचे नव्हे. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात सात दिवसांत इतके टक्के तेल नष्ट झाले, एवढ्यावर थांबलेला प्रबंध समुद्राविषयी फारच थोडे सांगतो. तोच प्रयोग तिवरांच्या चिखलाच्या स्तंभात, भरती-ओहोटीच्या तालाने पाणी चढवून-उतरवून केला तर त्याचे मोल निराळे ठरेल.

दुसरे काम अधिक नीरस आहे, पण माझ्या मते अधिक निकडीचे. तेल सांडल्यानंतर कोळ्यांस भरपाई मागावयाची असते, आणि प्रतिपक्ष विचारतो : हे तेल आमच्याच जहाजाचे कशावरून? चिखलात हायड्रोकार्बन आधीपासून नव्हते कशावरून? मुंबईच्या खाड्यांसारख्या आधीच मलिन झालेल्या पाण्यात हा प्रश्न टाळता येत नाही. तेलवाहू जहाजांच्या गळतीसाठी दायित्वाचे आंतरराष्ट्रीय करार जुने आहेत. पण ‘चित्रा’ पेटीवाहू जहाज होते आणि सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन. अशा इंधनतेलाच्या दायित्वाचा २००१ चा करार २००८ मध्ये अमलात आला असला तरी भारत त्यात सामील झाला २०१५ मध्ये. ‘राक कॅरिअर’च्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला तो २०१६ मध्ये, जहाज बुडून पाच वर्षे लोटल्यावर.

पुराव्याचे शास्त्र उपलब्ध आहे. प्रत्येक तेलात होपेन व स्टेरेन या वर्गांतील संयुगांचे प्रमाण आपापले असते, आणि ती सहजासहजी झिजत नाहीत. वायुवर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापन यांनी तेलाचा जणू अंगठा उमटविता येतो. होपेनच्या मानाने इतर घटक किती घटले यावरून क्षय किती झाला हेही काढता येते. परंतु तुलना करावयास आधीचा नमुना हवा. धरमतर, रेवस, करंजा, ठाण्याची खाडी अशा ठरावीक जागांचा चिखल वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा ओसरल्यावर एकदा, काचेच्या स्वच्छ बरणीत भरून, जागा, तारीख व भरतीची वेळ लिहून गोठवून ठेवावयाचा, आणि त्याचे विश्लेषण क्रमाक्रमाने करीत जावयाचे. यास फार मोठा खर्च नाही. मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचे तिकीट, एक होडी आणि ओहोटीचे चार तास पुरतात. पहिली फेरी येत्या मे महिन्यात, वारा फिरण्यापूर्वी, उरणपासून सुरू करता येईल.